मामाला सॅक मिळू नये

माझ्या ताईस,

धाकट्याचा तुला आणि दाजींना नमस्कार. मी धडधाकट आहे, दोन वेळा पोटभर जेवतो. दाजींची कंबर कशी आहे?

मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, मुकादम मला सॅक देणार म्हणून? तसं नाहीये गं ते.

इथे परदेशात, आमच्या धुलाईच्या कारखान्यात मी चादरी इस्त्री करतो. पण माझ्या पायाला भिंगरी, तूच म्हणायचीस. जरा खिडकीशी गेलो आणि इकडे मशीनमध्ये चादर करपली. मुकादम इंग्रजीत तावातावानं बोलला, त्यातलं मला 'सॅक' तेवढं कळलं. मला वाटलं, पाठीवरची! मी हसून थँक्यू म्हणालो. वर, निळी द्या, भाच्याला शाळेत न्यायची आहे, असंही सांगून बसलो.

काल घड्या घालणारे काका म्हणाले, "अरे येड्या, इथे सॅक मिळाली म्हणजे नोकरी गेली!"

मी रात्रीच ट्रंक बांधून ठेवली, ताई. खोली कारखान्याचीच, तीही जाईल. मुकादमाला वाटतंय, मी त्याची टिंगल केली. तो माझ्यावर नजर ठेवून पाठीमागेच उभा असतो. मग मी वळून वळून त्याच्याकडे बघतो आणि चादर वाकडी जाते.

काका त्याला समजावणार आहेत. तू घाबरू नकोस. मीही घाबरलेलो नाही.

फक्त छोट्याला आवर. मामाला सॅक मिळू दे म्हणून तो रोज देवापुढे हात जोडतो, असं तू लिहिलंयस. आजपासून बंद म्हणावं. लेकरांचं देव लगेच ऐकतो.

तुझाच,
भिंगऱ्या