खिंडीचा नकाशा

सुवा, १४ मे

ती. मेरेसेइनी आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बोटीने पाठवलेला कसावा पोचला. निम्मा मैत्रिणींनीच पळवला. बातमी अशी, की ब्रिस्बेनच्या परिषदेत मला बोलायला बोलावलंय. तीन वर्षांचं काम आणि बोलायला मिनिटं दहा! रोज आरशासमोर सराव करते, पण चौदाच्या खाली काही येत नाही. तू शिकवलंस ते सगळं त्यात आहे. कुठल्या चंद्राला हेकरू मासे गाभोळीने फुगून प्रवाळाच्या एकाच खिंडीत जमतात, आणि तेव्हा आपलं गाव गळ का टाकत नाही, तेही. सर म्हणतात, खिंडीचा नकाशा दाखव, नाहीतर लोकांना ती म्हातारीची गोष्ट वाटेल. आत्याला शब्द दिलाय, असं मी त्यांना सांगितलं. ते नुसतेच हसले.

तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी
विनाइसी

नावुतुलोआ, २ जून

चि. विनाइसीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. लहानपणी चर्चमध्ये एक वचन म्हणायला उभी केली, तर अख्खा अध्याय म्हणूनच खाली बसली होतीस. तू कसली दहा मिनिटांत आटपतेस! तिकडे गारठा असेल, अंगभर नीट घाल.

एक मात्र पुन्हा सांगते. माशांबद्दल पोटभर बोल, पण खिंड कुठे आहे ते सांगू नकोस. बाहेरून आलेल्या जावयांनासुद्धा आपण ती दाखवत नाही. पंचांनी तुला तिथे होडीतून जाऊ दिलं, ते मी जामीन राहिले म्हणून. तुझे सर हसले तर हसू देत. त्यांना काही त्या पाण्यावर पोट भरायचं नाही.

माया आहेच, तुझ्याकडूनही असू दे.

तुझी आत्या

ब्रिस्बेन, ११ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं बक्षीस मिळालं! घंटेआधी सात सेकंद संपवलं. वेळ पुरेना म्हणून शेवटचं आभाराचं पान काढावं लागलं. तुझं नाव त्यातच होतं, रागावू नकोस. लोक उभे राहून पडद्याचे फोटो घेत होते. मासळी निर्यात करणारेही दोघे-तिघे येऊन भेटले, फार कौतुक करत होते. सर ज्याला त्याला सांगत सुटले होते, की ही माझी विद्यार्थिनी.

बाकीचं भेटीत बोलू. लोभ कमी करू नकोस.

तुझी
विनाइसी

नावुतुलोआ, ३० ऑगस्ट

विनाइसीस आशीर्वाद.

तुझं बक्षिसाचं पत्र मी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या पौर्णिमेला दोन परक्या बोटी आल्या, त्या सरळ खिंडीवर. आपली माणसं होड्या घालून आडवी गेली, तेव्हा त्यांच्या म्होरक्याने मोबाईल पुढे करून विचारलं, की जागा हीच ना. पडद्याचा फोटो होता. नकाशा, खिंडीवर लाल टिंब, खाली तुझं नाव. आपल्यांना न जुमानता तीन दिवस ते उपसत होते. गाभोळीने भरलेल्या माद्या पेट्या भरभरून नेल्या. परवा मी स्वतः बुडी मारून पाहिलं. एकोणीस हेकरू दिसले. पूर्वी मोजायला गेलं तर मोजता येत नसत.

मग पंच बसले. यांगोना घोटून प्यायचं भांडं मध्ये ठेवून त्यांनी विचारलं, की नकाशा दाखवायची परवानगी कुणी दिली. मी म्हटलं, मी दिली. त्या भांड्यासमोर मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. तुला गावात पाय ठेवायला जागा उरावी, एवढ्यासाठी बोलले. खिंडीची राखण माझ्याकडून काढून घेतली आहे. आता माझी होडी तिकडे न्यायची नाही.

तू नाताळात येणार होतीस. ये. गावात तुला कुणी अडवणार नाही. उतरायचं मात्र पाद्रीबाबांकडे.

मेरेसेइनी