कोरड्या खड्ड्याचं रीडिंग

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. चाकणच्या आपल्या त्याच कंपनीत आज परत गेले होते. तेव्हा तुमच्या हाताखाली ट्रेनी इंजिनिअर होते, आता नव्या नेटवर्क रूमच्या वायरिंगचा आराखडा माझा आहे. पॅनेल रूममध्ये तुमचा फोटो लावलाय. खंडेनवमीला मशिनींबरोबर त्यालाही हार घालतात म्हणे. वा रे वा!

तो दिवस आठवतोय? तपासणीला माणूस यायचाय आणि तुम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतताय. "अगं, सगळेच ओततात. ओल असली की रीडिंग पास. तू कर रिपोर्टावर सही." मी केली. मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा पडला, यूपीएसमध्ये बिघाड झाला, गळलेला करंट जमिनीत उतरेना आणि नेटवर्कच्या रॅकला हात लावताच आपल्या फिटरमामांना शॉक बसला. उजव्या हाताची तीन बोटं कायमची गेली. चौकशीत तुम्ही सरळ काखा वर केल्यात. "सही तिची आहे." मामा समोर बसलेले, माझ्याकडे बघतायत. नोकरी गेली त्याचं सोडा हो, पण ती नजर मोशीच्या घरापर्यंत माझ्या मागे आली.

म्हणून या वेळी आधीच बजावलं होतं, आठवडाभर खड्ड्याजवळ पाण्याचा थेंब नको. आज सगळ्यांना उभं केलं आणि रीडिंग घेतलं. सपशेल नापास! खोटं कशाला बोलू, इतका आनंद झाला मला. नवे खड्डे, रॅकसाठी वेगळी तांब्याची पट्टी, सगळं नव्यानं करायला सांगितलं. आणि रिपोर्टात जुन्या अपघाताचं कारण तुमच्या नावानिशी लिहिलं. मॅनेजर कळवळले, "मॅडम, गेलेल्या माणसाचं नाव कशाला?" म्हटलं, "लिहायचंच आहे." आता घाला म्हणावं हार.

संध्याकाळी मामांना फोन केला. चिखलीत मुलाकडे असतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं, पोरी. तुला बिचारीला काय म्हाईत असणार तवा." मी नुसतं हं म्हटलं आणि फोन ठेवला.

रिपोर्ट गेला. हा कागद मात्र माझ्याच पर्समध्ये राहील, सर. त्या दिवशी खड्ड्यात ओतलेल्या पाण्याच्या दोन्ही बादल्या नळावरून मी भरून आणल्या होत्या, हे फक्त यातच लिहिलंय.