आगीचं कारण, एका शब्दात

४ मार्च

विझली एकदाची! अकरा दिवस जळत होती. चारशे हेक्टर पाणथळ गेली, गावाकडच्या शेजारच्या काकूंच्या चौदा गाई गेल्या.

पाणथळीला आग लागते असं परक्या माणसाला सांगितलं की तो हसतो. नोकरीला लागले तेव्हा मीही हसले होते. आता माझं कामच ते: आग का लागली ते शोधायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर एक रकाना आहे, 'आगीचे कारण (एका शब्दात)'.

साहेब म्हणाले, "दोन आठवड्यांत कारण द्या. माणसाच्या नावासकट असलं तर उत्तम."

आग जिथून सुरू झाली ती जागा नकाशावर सापडली. दादाचं कुरण. माझा सख्खा भाऊ! साहेबांना लगेच सांगितलं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "दुसरं कोण आहे? आणि तुम्हाला रस्ताही माहीत आहे."

५ मार्च

दादाकडे गेले. त्याची गुरं वाचली, सगळी चाळीस. ती ओरडायला लागल्याबरोबर त्याने दावी कापली. गावाला त्याच्याविरुद्ध आता तेवढाच पुरावा पुरतो.

वहिनी दारातच उभ्या. "ताई म्हणून आलात की ऑफिसच्या म्हणून?"

दोन्ही, म्हटलं.

"मग चहा अर्धाच मिळेल." आणि खरोखर अर्धाच दिला.

दादा न विचारताच म्हणाला, "मी लावली नाही." लावलेले असंच म्हणतात, न लावलेलेही असंच म्हणतात. मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर मला खात्री नाही. तो दरवर्षी लावायचाच की! सगळेच गुराखी लावायचे. पाणी ओसरायला लागलं की जून गवताचा एक एक तुकडा पेटवायचा, आठ दिवसांत कोवळं उगवतं, गुरं खूश. जमीन ओली असते म्हणून आग आपोआप मरते. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यावर बंदी घातली. बंदीचा फलक दादाच्याच फाटकावर आहे. ठोकायला हातोडी त्यानेच दिली होती.

७ मार्च

नऊ जणांना विचारलं. नऊ कारणं मिळाली. मध काढणारे. मासे धरणारे. ट्रॅक्टरचा सायलेन्सर. कुणाची तरी सिगारेट. वीज पडली (दोन महिने आभाळात ढग नाही). काचेची बाटली आणि ऊन. एकाने सरकारचं नाव घेतलं, पण त्याचं घर जळालं तेव्हाही त्याने सरकारचंच नाव घेतलं होतं, आणि ते स्टोव्हने जळालं होतं.

काकूंनी मान वर केली नाही. "तुझ्या भावाला विचार," एवढंच. चौदांची नावं सांगत होत्या, एकेक. मी सगळी लिहून घेतली. फॉर्मवर त्यांना जागा नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

८ मार्च

काही नाही. पायाला फोड.

१० मार्च

आज शहाणपण सुचलं, उशिरा. आमचा पाणी मोजायचा खांब कालव्यात आहे! कालवा दहा वर्षांपूर्वी खणला, कारण चिखलात गुरांचे खूर सडायचे आणि गुराख्यांनी अर्जावर अर्ज केले होते. तेव्हापासून पाणथळीचं पाणी कालव्यात येतं. म्हणजे पाणथळ जितकी कोरडी, तितका कालवा भरलेला. आणि आम्ही फेब्रुवारीभर कालव्यात बघून लिहिलं, 'पाणी पुरेसे'.

त्यात ते बाहेरून आणलेलं चाऱ्याचं गवत. कोवळं असताना गुरं खातात, जून झालं की तोंड लावत नाहीत. बंदीमुळे ते तीन वर्षं तसंच उभं. छातीएवढं झालं होतं. दादा दरवेळी म्हणायचा, "राखताय राखा, पण हे कुरण नाही, सरपण आहे."

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी कारण विचारलं होतं, इतिहास नाही."

१२ मार्च

दादाने मला ती नेमकी जागा दाखवली. पुढे तो, मागे मी. दर पावलाला सळई खुपसून बघतो, मग पाय ठेवतो. गुराखी इथल्या जमिनीला गादी म्हणतात. शेकडो वर्षांची कुजलेली मुळं आणि गवत, वर पातळ माती. ओली असेल तर माणूस हलकासा वरखाली होतो, मजा येते. वाळली की तीच आतून धुमसते. वर काही दिसत नाही.

एका जागी जमीन खचून हंडाभर खड्डा पडला होता. कडेची मुळं खालच्या बाजूने काळी, वरून पिवळी. दादा म्हणाला, "बघ. वरून लागली असती तर उलटं असतं. ही खालून आलीय."

खालून कुठून?

"जानेवारीत इथे टोपलीभर आग लागली होती ना, वीस पावलांवर. तुम्ही लोक टँकर घेऊन आलात, पाणी मारून गेलात. तीच. गेली कुठे होती ती?"

मी वाकून खड्ड्यात बघितलं.

"विझली असं कोणी लिहिलं?"

ऑफिसने, म्हटलं.

तो सळई पुसत बसला. बराच वेळ पुसली. मग म्हणाला, "लहानपणी कप फोडलास की मांजराचं नाव सांगायचीस." आणि पुढे चालायला लागला. परत येईपर्यंत जनावरांच्या खुरांबद्दल बोलत होता.

१३ मार्च

इथे तरी लिहावं. मी लिहिलं होतं.

नियम असा आहे की तीन दिवस, तीन ठिकाणी, सळई हातभर खुपसायची, मिनिटभर ठेवायची, काढून टोकाला हात लावायचा. गार लागली तरच सही. मी पहिल्या दिवशी सकाळी गेले. टँकरला दुसरीकडे जायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सळई जीपमध्ये राहिली होती. मी जमिनीला तळहात लावला. पाणी ओतलेल्या जमिनीला! गारच लागणार. तिन्ही दिवसांच्या तीन सह्या तिथेच बॉनेटवर केल्या. सगळेच करतात. हे कारण म्हणून लिहिलं तर मीच हसेन.

चौदा गाई. आणि मी दादाच्या तोंडाकडे बघत होते, खोटं कुठे दिसतं का म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१४ मार्च

साहेबांनी दादाची जुनी फाईल काढली. बंदीआधीची दोन ताकीदपत्रं, पेटवलेलं गवत हद्दीबाहेर गेल्याबद्दलची. "माणूस सवयीचा आहे. सोमवारपर्यंत नाव टाका. चराईचा परवाना रद्द, पुढचं पोलीस बघतील." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुम्हाला अवघड आहे, मला कळतं. हवं तर नाव मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा."

सह्या करण्यात मी चांगली आहे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

१५ मार्च

दादा आईला भेटायला आला. आई माझ्याकडे असते, कारण आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल, आणि तिथलं बिल माझ्या नोकरीच्या कार्डावर जातं. तिच्या पायाशी बसून त्याने तिला पाणथळीच्या गमती सांगितल्या. आगीचा शब्द काढला नाही.

निघताना जिन्यात विचारलं, "काय लिहिणार आहेस?"

खरं ते, म्हटलं.

"मग आईचं काय?"

बघू काहीतरी.

"बघू म्हणजे काय? गुरं कुठेही चरतील. तिला कुठे नेणार?" मग हसला. "तू नाकासमोर चालणारी. एकदाच चुकलीस, तेही माझ्याच कुरणात."

मी रडले. त्याने रुमाल दिला, त्याला शेणाचा वास होता. मी म्हटलं, दादा, मी उद्या देणार आहे अहवाल, तू मधे पडू नकोस. "बरं," म्हणाला. इतक्या लवकर तो आजवर कशालाच बरं म्हणाला नव्हता.

१६ मार्च

अहवाल झाला. चार पानं. कालवा, गवत, बंदी, चुकीच्या जागेचा खांब, आणि शेवटच्या पानावर माझ्या तीन सह्या, तारखांसकट. एका शब्दाच्या रकान्यात 'अनेक' लिहिलं.

आज द्यायचा होता. साहेब मीटिंगमध्ये. टेबलावर ठेवता आला असता. ठेवला नाही. दोनदा दारापर्यंत गेले, एकदा पाणी पिऊन आले, पाच वाजले. उद्या सकाळी नऊला, पहिलं काम तेच!

१७ मार्च

दादा नऊला येऊन लिहून देऊन गेला: आग मीच लावली, कोवळ्या गवतासाठी. खाली अंगठा नाही, चांगली सही. पोलिसांबरोबर स्वतःच जीपमध्ये जाऊन बसला म्हणे.

मी साडेनऊला पोचले. अहवाल पिशवीत होता. साहेब म्हणाले, "सुटलात बाई तुम्ही."

मी हो म्हटलं.