बाबांच्या गाडीतली खडखड

रविवार, संध्याकाळ. दसरा होऊन आठवडा झाला.

बाबांच्या जुन्या गाडीची खडखड सापडली एकदाची. त्या खडखडीमुळेच काल गाडी विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. इंजिन कामातून गेलंय म्हणालं. मी वैतागले, बाबा मात्र मजेत चहा पीत होते.

आज ओळखीच्या मेकॅनिकने इंजिनवरचा पत्रा उचलला आणि हसतच सुटला. "ताई, इंजिन एकदम ओके हाय. ही बघा, सुपारी."

घरी येऊन बाबांसमोर धरली.

"दसऱ्याला पूजा करताना मीच ठेवली होती," बाबा म्हणाले. "गाडी घरातच राहू दे म्हणून."

खडखड गेली, गाडी राहिली. गिऱ्हाईकाला फोन करून सांगायला हवं होतं, इंजिन चांगलं आहे. नाही केला. सुपारी बाबांनी पुसून डॅशबोर्डवर ठेवलीय. राहू दे.