विषय : बारशाला न पोहोचल्याबाबत

मोखाडा,
मंगळवार

चि. सौ. अवंतीस,

अनेक आशीर्वाद. रागावलेली का होईना, तू सुखरूप असशील असं धरून चालतो. चैतन्यरावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार, आणि जिच्यापायी हे सगळं झालं त्या अडीच किलोच्या बाईसाहेबांना (आता तीनच्या झाल्या असतील) गोड पापा. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आमच्या ऑफिसातल्या शिपायासारखे, कुरकुरतात आणि कामावर येतात.

रविवारपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं पंचायत समितीत बसून मी दुसऱ्यांचे खुलासे मागवले, आता स्वतःचा देतोय. तुझ्या सासरी चारचौघांत आजोबांची वाट बघत पाळणा खोळंबला, तुझी मान खाली गेली, हे मला चैतन्यरावांनी सांगितलं. (त्यांनी फोन उचलला, त्यांचे उपकार.) पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही झालं नाही, कारण माहेर म्हणजे आई आणि आई फाल्गुनात गेली. निदान बाप बारशाला यावा एवढंच तू मागितलं होतंस. तोही आला नाही. तेव्हा राग रास्त आहे. पण खुलासा वाचल्याशिवाय शिक्षा करू नये असा नियम आहे, तो पाळ.

रविवारी पहाटेच निघालो. गोकुळची जीप सहाला सुटते, म्हणजे गोकुळच्या मते सुटते; खरं तर ती भरली की सुटते, आणि पोशेऱ्याला दोन माणसं आणि एक बोकड चढल्यावर भरली. माझ्यापाशी एकच पिशवी. तिच्यात नाचणीचं पीठ आणि गोधडी. तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच दुपारी तुझ्या आईने जुन्या साड्या बाहेर काढल्या होत्या. ती गेली तेव्हा गोधडी निम्मी झाली होती आणि सुई तशीच टोचलेली. राहिलेली शेजारच्या कमूने पुरी केली. (कमूचे टाके लांबलांब आहेत. तुझ्या आईने सगळे उसवायला लावले असते.) पडून फुटू नये म्हणून फोन त्या गोधडीत नीट गुंडाळून ठेवला होता. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता कसारा स्टेशन. ते शहापूर तालुक्यातलं, पण मोखाड्याचा माणूस त्याला आपलंच म्हणतो. आपल्याकडे रेल्वे आलीच नाही, तेव्हा शेजाऱ्यांची वापरायची आणि वर नावंही ठेवायची. दीडशे वर्षांहून जुनं ठिकाण. मुंबईच्या लोकल इथवर येतात, समोर घाट बघतात आणि माघारी फिरतात. लांबच्या गाड्यांना मात्र चढ चढायचाच असतो, म्हणून त्यांना इथे मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. (तुझी आई ती इंजिनं बघून दर खेपेला विचारायची, आपल्या घरात हे काम कुणाचं, ओळखा. मी दर खेपेला कबूल करायचं टाळायचो. आता करतो.)

तुझ्याकडे डोंबिवलीला यायचं तर तिचा एक नियम होता. पहिली गाडी सोडायची. पहिल्या गाडीसाठी धावावं लागतं, आणि धावत चढणाऱ्याला खिडकी मिळत नाही, असं तिचं म्हणणं. मग बाकावर बसून डबा उघडायचा, भाकरी खायची, आणि दुसरी गाडी लागली की मी पुढे होऊन खिडकीच्या गजांतून रुमाल टाकायचा. ही आपली एसटीची रीत. कसाऱ्याहून सुटणारी गाडी सकाळी निम्मी रिकामी असते, तिथे रुमाल कशाला, असं मी एकदा म्हणालो होतो. तुझी आई इगतपुरीकडे तोंड करून बसली ती आसनगावपर्यंत बोलली नाही.

तर रविवारी मी पहिली गाडी सोडली. बाकावर बसलो. भाकरी खाल्ली. दुसरी गाडी लागली, गजांतून रुमाल टाकला, आत गेलो, पिशवी वर फळीवर ठेवली आणि रुमालाच्या शेजारी बसलो. शेजारी, अवंती. खिडकी तिच्यासाठी सोडून. कल्याणला दवाखान्यात नर्स असलेल्या एक बाई आल्या (नाव रोहिणी, हे नंतर कळलं) आणि त्यांनी विचारलं, इथे कुणी आहे का? मी म्हणालो, हो, येतायत.

शपथेवर सांगतो, मला भ्रम झाला नव्हता. तोंडातून गेलं ते सवयीने गेलं. त्या बाई समोर बसल्या. मग भोंगा वाजला. आता तूच सांग, शेजारचं माणूस अजून आलेलं नाही आणि गाडी निघाली, तर नवऱ्याने काय करायचं? मी उतरलो. गाडी हलली, नजरेआड झाली, आणि मोकळ्या फलाटावर मला समजलं की मी कुणासाठी उतरलोय. तिथल्या बाकावर बसून मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो. एका चहावाल्याने विचारलं, गाडी चुकली का काका? मी हो म्हणालो.

पिशवी गेली हे ध्यानात यायला पाव तास लागला. आणि इथे मी जी चूक केली ती फक्त मोखाड्याचा माणूस करू शकतो. मी निर्धास्त झालो. आपल्याकडे एसटीत काहीही राहिलं तरी संध्याकाळच्या फेरीला परत येतं. सूर्यमाळच्या पुंजाची कोंबडी जव्हार गाडीत राहिली होती, तर कंडक्टरने संध्याकाळी कोंबडी दिली आणि वाटेत तिने घातलेलं अंडंही दिलं. मी म्हटलं, गाडी कसाऱ्याची, जाणार कुठे? घाट काही चढत नाही. वळून इथेच येणार. रिकाम्या हाताने नातीच्या बारशाला जाण्यापेक्षा थांबू.

मग येईल ती लोकल शोधायची असं चाललं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कागद, आणि मी डब्यामागून डबा फळ्या बघत जाणार. निम्म्या लोकांना मी रेल्वेचा साहेब वाटलो. एकाने झोपेतून उठून तिकीट दाखवलं, एक जण दुसऱ्या दाराने पळाला. शेवटी सपना नावाच्या पोलीस मुलीने मला बाजूला घेतलं. मी तिला रीतसर अर्ज दिला, विषय, गोधडी मिळणेबाबत, दोन प्रतींत. (एक पोच म्हणून सही करून मागितली. तिने दिली, हसली नाही. गुणी पोर.) तिने माझ्या नंबरवर फोनही लावला. तो वाजत राहिला. गोधडीत गुंडाळलेला फोन, कुणाला ऐकू जाणार? तुझा नंबर मला पाठ नाही, तो फोनच्याच पोटात. बारा वाजले तेव्हा मी पुलावर उभा होतो. मनात म्हटलं, आता पाळण्याला हात लागला असेल.

संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने त्या रोहिणीबाई उतरल्या आणि त्यांच्या खांद्याला माझी पिशवी. मी घाईने उतरलो ते बायकोला आणायला, असं त्यांना वाटलं होतं. दोघं मागच्या गाडीने येतील म्हणून त्या कल्याणला फलाटावर पुढची लोकल येईपर्यंत थांबल्या, मग पिशवी दिवसभर ड्यूटीवर स्वतःपाशी ठेवली. पिशवी हातात देताना त्यांनी सहज विचारलं, काकू आल्या का मग?

तुला ठाऊक नसेल, पण या पाच महिन्यांत मला ते वाक्य कधी म्हणावंच लागलं नाही. मोखाड्यात सगळ्यांना माहीत होतं, सगळे दारात आले होते. कुणाला सांगायचं राहिलंच नव्हतं. तिथे पहिल्यांदा मी म्हणालो, नाही हो, ती वारली. म्हटलं आणि बाकावर बसलो. त्या बाई माझ्या शेजारी तशाच बसून राहिल्या, त्यांना घरी पोरांचा स्वयंपाक असताना. मग गोकुळची जीप आली. त्या वेळी तुझ्याकडे यायला मला तोंड नव्हतं, म्हणून परत आलो.

हा माझा खुलासा. मान्य करावा ही विनंती. राग निवला की दोन ओळी लिही, नाहीतर शिव्या लिही, पण लिही.

तुझा,
बाबा

ता. क. गोधडी आणि पीठ गोकुळच्या मेहुण्याबरोबर पाठवतोय, तो डोंबिवलीतच कामाला आहे. लांब टाके कमूचे, बारीक टाके आईचे. धुताना गरम पाणी नको.

ता. क. दुसरा. वरचं सगळं घडलं तसंच लिहिलं आहे, पण ते पुरतं खरं नाही. पिशवी गेल्यावरही मला पुढच्या गाडीने येता आलं असतं. नातीला गोधडी आठ दिवसांनी मिळाली असती तर काही बिघडत नव्हतं. शुक्रवारी तू फोनवर म्हणालीस की पोरीचं नाव वनमाला ठेवणार, आईचं. मी छान म्हणालो आणि तेव्हापासून घाबरलो. छत्तीस वर्षांच्या संसारात मी ते नाव एकदाच घेतलं, लग्नाच्या पंगतीत, उखाण्यात, बायकांनी घास अडवून धरला म्हणून. एरवी अगं आणि ऐकलंस का, यावर भागलं. तिला कधी नावाने हाक मारली नाही, आणि आता पाळण्यापुढे उभं राहून पहिल्यांदा मारायची, तर ती पोरीला? माझ्याच्याने झालं नसतं, आणि तुझ्या सासरच्या माणसांसमोर तर मुळीच नाही.

नाव बदलू नकोस. चांगलं नाव आहे. काल घरात एकटा असताना मी ते म्हणून बघितलं, तीन अक्षरांपर्यंत गेलो. एवढंच कर, हे पत्र वाचलंस की माझा फोन उचल, पोरीला जवळ घे, आणि आधी तू हाक मार, मी ऐकतो. मग मला मारू दे. लगेच जमलं नाही तर फोन ठेवू नकोस.