मी देशांची पंगत मांडली

आदरणीय बुरुल्चाताईस,

धाकट्या रिस्पेकचा वाकून सलाम. गुडघा कसा आहे? घोडी व्याली का? भाओजींचा खोकला साधाच आहे ना? (साधा नसेल तर मला कळवू नकोस. मी सरकारी माणूस, मला तो वर कळवावा लागेल.) इकडे सून आणि नातू खुशाल. नातवाचा आवाज थेट आपल्या आबांवर गेला आहे.

आता अभिमानाची गोष्ट. या साथीत कुठल्या देशाच्या माणसाला आत घ्यायचं आणि कुठल्या नाही, त्याची लाल-पिवळी-हिरवी यादी पेपरात आली ना, ती तुझ्या भावाने केली! आयोगात डॉक्टर मंडळी आठवडाभर भांडत होती. जो देश तपासण्याच करत नाही त्याच्याकडे रुग्ण नाहीत, म्हणून तो सगळ्यांत निरोगी. जो इमानाने मोजतो तो बिचारा लाल. त्यात परराष्ट्र खात्याचे गृहस्थ हटून बसलेले, की त्यांनी आपल्याला लाल केलं, मग आपण त्यांना हिरवं का करायचं? शेवटी साहेब वैतागून माझ्याकडे वळले. "रिस्पेक, माझ्या मुलीच्या लग्नात एवढे पाहुणे बसवलेस, एक माणूस रुसला नाही. हे देश बसव बघू!"

बसवले की! आपल्या तंबूत बसवतात तसेच. लांबून येणारे, पैसेवाले आणि पटकन रुसणारे दारापासून सर्वांत लांब, मानाच्या जागी, म्हणजे हिरवे. व्याह्यांसारखे, ज्यांच्याशी जपून बोलावं लागतं, ते मध्ये, पिवळे. आणि घरची माणसं दाराशी. (ती कशाला रुसतात? उलट उठून वाढायला लागतात.) साहेबांनी पाठ थोपटली, डॉक्टर दमून गप्प झाले, सही झाली. एक राजदूत रुसला नाही, ताई! आपल्या घराण्यात एवढं मोठं काम कोणी केलं नव्हतं.

तुझा, आता बराच मोठा झालेला,
रिस्पेक

ता. क. तुमचा देश म्हणजे घरचाच, तेव्हा तो अर्थातच लाल. पंगतीत दाराशी बसलेला माणूस आत असतो, यादीत तो बाहेर राहतो, हे सही झाल्यावर माझ्या लक्षात आलं. नातवाला पाळण्यात घालायचा मान थोरली म्हणून तुझा, आणि तुला सीमेवरच्या पुलावरून सोडणार नाहीत. तुझ्या भावजयीला, अनीपाला, मी अजून बोललेलो नाही. गुडघ्यामुळे येता येत नाही, असं तेवढं तिला कळव.

ता. क. २. गुडघा राहू दे. अनीपा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "सगळ्या जगाला आत घेतलंत आणि सख्ख्या बहिणीला तेवढं बाहेर ठेवलंत! धन्य तुमची!" तुझ्याशिवाय बाळ पाळण्यात जाणार नाही, असा तिचा हुकूम आहे. ताई, खरंच फार वाईट वाटतं. शुक्रवारी दुपारी चू नदीच्या तुमच्या काठावर ये. आम्ही पाळणा घेऊन इकडच्या काठावर येतो. पाणी उतरलं आहे, आवाज पोचेल. तू तिकडून आशीर्वाद म्हण, अनीपा इकडून बाळाला ठेवील. हात तिचे, घालणारी तूच. मास्क मात्र लावून ये. तो नियमही माझाच आहे.