उतरताना उचलायचा दगड

१८ एप्रिल २०१६, सोमवार

पोचले एकदाची. मांजरसुंब्याला एसटी सोडली, ढाब्यावर पिठलं-भाकरी हाणली आणि नांदूरघाटाकडची जीप धरली. जीपमध्ये सतरा माणसं आणि एक बोकड. बोकड सगळा वेळ माझ्या पायावर उभा होता, पण शिस्तीत होता. तिथून आत आठ किलोमीटर हे गाव.

आमच्या दूध संघाने दुष्काळी भागातल्या संस्थांना मदत म्हणून माणसं धाडायची ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. तेजू चिडली. बारावीचा निकाल महिन्यावर आलाय आणि तू कुठे निघालीस, म्हणाली. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे ती माझी आई होऊन बसते अधूनमधून. निकालाच्या आधी सांगलीत हजर होईन, असा शब्द देऊन निघालेय. काय करू, ऑफिसात बसून बसून पाय आखडले होते.

इथल्या दूध संस्थेचे चेअरमन राधाकिशनराव भला माणूस. काम समजावून दिलं. गावाशेजारचा तलाव पार आटलाय. तलावाच्या मध्ये एक डोंगर आहे, तीस वर्षं पाण्याने वेढलेला, म्हणून त्याला सगळे बेटच म्हणतात. तिथे कुणाची जनावरं पोचली नाहीत, त्यामुळे वाळलेलं गवत कमरेएवढं उभं आहे. ते किती आहे आणि कुठल्या बाजूने खाली आणता येईल, हे मी बघायचं. म्हणजे रोज चालायचं आणि वर पगार. मला याहून काय हवं.

राहायची सोय सारजाबाईंकडे. पन्नाशीच्या आतल्या, एकट्या, चार म्हशी. बोलतात कमी, वाढतात भरपूर.

२० एप्रिल

पहाटेच निघाले. तलावाचा तळ तीन किलोमीटर तुडवायचा. भेगाळलेली माती, शिंपले, मच्छीमार संस्थेची एक होडी कुशीवर पडलेली. तिच्यावर नंबर अजून स्वच्छ वाचता येतो. चालताना एवढी शांतता की स्वतःच्याच चपलांचा राग यावा.

बेटाच्या पायथ्याशी म्हाळू भेटला. मेंढरं राखणारा म्हातारा, अर्धं आयुष्य या डोंगराभोवती गेलेलं. त्याने मला अडवलंच. म्हणाला की म्याडम, हितं दगड ठिवल्याबिगर वर जायचं न्हाई. रीत अशी. चढताना एक दगड एका सपाट खडकावर ठेवायचा. उतरताना आपला तोच उचलायचा आणि मागे न बघता लांब भिरकवायचा. संध्याकाळी कुणीही लांबून बघावं, जेवढे दगड तेवढी माणसं वर. आणि दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

पद्धत मला फार आवडली. आमच्या संघाच्या हजेरीपेक्षा बरी. मी एक पांढरी गारगोटी ठेवली. खडकावर तसलीच एक आधीपासून होती, तेव्हा वर कोणी आहे का विचारलं. म्हाळू म्हणाला, हाय, आणि मेंढरांमागे गेला.

वर कुणीच नव्हतं. मी सगळं बेट फिरले, तासाभरात होतं.

२३ एप्रिल

त्या दुसऱ्या दगडाचं आज कळलं. जेवताना सारजाबाईंनीच सांगितलं, ताक ओतता ओतता. तो दगड त्यांच्या आईचा. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा तलाव नव्हता, नुसता डोंगर होता. आई, चतुराबाई, सव्वीस वर्षांची, गवत कापायला म्हणून वर गेली ती उतरली नाही. गावाने आठ दिवस डोंगर पालथा घातला. सारजाबाई तेव्हा तीन वर्षांच्या. म्हणाल्या की आमी दगड हलवला न्हाई, तळ्याच्या पान्यानंबी हलला न्हाई, कावून की तिला उतरायचं हाय आजून.

तेजूला फोन लावला आणि उगाच काहीतरी बोलत बसले.

२७ एप्रिल

आज वावटळीने गाठलं. दुपारी तीनला उतरत होते तर समोरचं काही दिसेना, डोळ्यांत नुसती माती. पायथ्याशी चाचपडत दगड उचलला, तळ्यात फेकला आणि पळत सुटले. घरी येऊन दोन बादल्या पाणी डोक्यावर घ्यावंसं वाटलं, पण टँकर तीन दिवसांनी येतो, म्हणून एक तांब्या घेतला.

२८ एप्रिल

चुकलं. माझ्या कालच्या गारगोटीत तपकिरी रेघ होती. आज खडकावर जी शिल्लक आहे तिच्यात ती रेघ आहे. म्हणजे काल मी चतुराबाईंचा दगड फेकला.

म्हाळूला सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. मेंढरं गोळा केली आणि घेऊन गेला. माझा दगड उचलायला गेले तर हलेना. मुठीएवढा दगड, दोन्ही हातांनी ओढला. नखं तुटली.

सारजाबाईंना सांगायचा धीर झाला नाही.

२९ एप्रिल

घरी एक बाई आली आहे. काटकुळी, तरणी, अंगावर जुनं विटकं लुगडं. चुलीपुढे बसून खातेय. सहावी भाकरी, सातवी. सारजाबाई थापतायत, वाढतायत आणि रडतायत. मी दारात उभी राहिले. मला कुणी ये म्हटलं नाही. माझ्यासाठी ताट नव्हतं.

ती बाई सारजाबाईंची लेक शोभेल एवढ्या वयाची दिसते. सारजाबाई तिला आई म्हणाल्या.

३० एप्रिल

संस्थेत गेले. राधाकिशनराव फोनवर होते. म्याडम तीन दिवसांपासून वरच हायेत, दगड तसाच हाय, असं सांगत होते. मी टेबलाच्या अलीकडे उभी. नाव घेऊन बोलले, टेबल वाजवलं. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

तेजूला फोन लावला. तिने चार वेळा हॅलो म्हटलं आणि ठेवला.

१ मे

माझ्या बाजेवर ती झोपते आता. मी ओसरीवर. रात्रभर सारजाबाई तिचे पाय चेपत होत्या. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली, माझीही लेक आहे म्हणाले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, मी शपथेवर सांगते. मग तोंड फिरवलं आणि परत पाय चेपायला लागल्या.

त्यांच्या जागी मी असते तर मीही तोंड फिरवलं असतं. म्हणूनच जास्त भीती वाटतेय.

२ मे

रीत म्हणजे रीत. दगड उतरणाऱ्याने उचलायचा. मी खालून ओढत होते म्हणून हलला नसेल. वर जाते, नीट पायवाटेने उतरते, माझा दगड घेते आणि पहिली गाडी पकडून सांगली. साधी गोष्ट आहे.

३ मे

उतरले. खडक नाही.

पायवाट तीच, बाभूळ तीच. खाली तळ्याची माती लागली, पण दगड ठेवायचा खडक तिथे नाही. बेटाला फेरी मारली. अर्ध्या तासाची फेरी. परत वर आले.

४ मे

सहा वेळा उतरले. उत्तरेकडून, गवतातून, घसरत. तळ्यातून गावाकडे चालू लागले की तासाभराने समोर परत बेटच.

भूक लागत नाही. तहानही नाही. याची जास्त—

६ मे

ती चव्वेचाळीस वर्षं अशीच फिरली असेल. एकटी. मग पाणी आलं असेल सगळीकडून. तिने लेकीचं गाव इथूनच बघितलं असेल रोज. मीही बघते. धूर दिसतो, टँकर दिसतो, माणसं कळशा घेऊन पळतात. हाका मारल्या. घसा बसला.

माझं कुणालाच काही—

९ मे

म्हाळू पायथ्याशी आला होता. वरूनच दिसला. बराच वेळ खडकापुढे हात जोडून उभा. त्याला खडक दिसतो. धावत उतरले. तो नाही, खडक नाही.

मोबाइल बंद पडला. तेजूचा नंबर तोंडपाठ आहे, म्हणत बसते.

११ मे

काठावर जीप. राधाकिशनरावांची. पुरुष उतरले, थांबले. पुढे कुणी येत नाही. एकटी पोरगी तळ्यातून चालत निघालीय. पिवळी ओढणी.

तेजू—

नको. नको येऊ. ओरडतेय मी. वारा उलटा—

खाली वाकली. दगड ठेवला असणार. कुणीतरी सांगितलं असेल तिला रीत. चढतेय—

माझ्या अंगावरूनच गेली. ओढणी हाताला लागली. आई आई करत गेली वर. थांबली नाही—

तिची पावलं उमटलीत धुळीत. ताजी. त्यांच्यावर पाय ठेवत उतरतेय, उलटी. एक एक—

आला. खडक आला.

दोन दगड आहेत. माझीच लेक, पांढरीच गारगोटी उचलली. दोन्हींत तपकिरी रेघ. एक माझा. माझा उचलला की सुटले, मग तीही तिचा घेऊन उतरेल. चुकला तर ती वर—

हात लावून बघितला. तिच्या हाताची ऊब असेल म्हणून. दोन्ही तापलेत. ऊनच तसं आहे.

वरून हाका मारतेय. तिचाही घसा बसत चाललाय. लवकर करायला हवं. रेघ, माझी रेघ जाड होती, की बारीक, मी नीट बघितलीच नव्हती कधी—

डावीकडचा. डावीकडचाच वाट—